बारीक, लांब, वाकलेल्या नकोत

शहाण्याला शब्दाचा मार, असं म्हणतात. आमच्या घरात एका पावसाळ्यात शहाण्यांनी आणि वेड्यांनी, सगळ्यांनीच शब्दाचा मार खाल्ला, आणि त्यातलं शहाणं कोण नि वेडं कोण याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. ध चा मा केलेला आपण ऐकतो. आमच्याकडे कुणी काही बदललं नाही. ध तो ध च राहिला, आणि तरी व्हायचं ते झालं. शब्द दोनच होते, एक 'चतुर' आणि दुसरा 'टाचणी'. घरातली पोरं मला म्हणतात, आजी, ती देवपूजेची गंमत सांग. मी सांगते, ती हसतात, मीही हसते. पण गंमत म्हणून सांगताना जे गाळावं लागतं तेच इथे लिहायचं आहे, आणि ते नीट लिहिता येईल की नाही याची मला खात्री नाही.

माझं सासर कल्याणचं. घर कौलारू, बेताचं. पुढे ओटी, मग माजघर, त्याला लागून देवघर, मागे स्वयंपाकघर आणि परस. परसाच्या कुंपणाला एक खिंडार होतं, त्यातून बाहेर पडलं की आळीचं तळं. मी नांदायला आले तेव्हा चौदाव्या वर्षात असेन. घरात तिघंच माणसं, मामंजी, सासूबाई आणि माझे यजमान. मामंजी ठाण्याच्या कचेरीत कारकून होते, नुकतेच घरी बसले होते. शब्दाला शब्द लावून अर्थ काढायचा हा त्यांचा जन्माचा धंदा, तो घरी बसल्यावर त्यांनी घरच्यांवर चालवला. सासूबाईंनी "मीठ संपत आलंय" म्हटलं, तर संपलंय की संपत आलंय, यावर ओटीवरून उलटतपासणी व्हायची. स्टेशनाकडून इंजिनाची शिटी ऐकू आली की ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत आणि दोन्हींचा मेळ बसला नाही तर म्हणत, "आज गाडी चुकली." घड्याळ चुकलं असेल असं त्यांच्या मनात कधी आलं नाही.

सासूबाईंचा हात चवीचा आणि जीभ तिखट. पावसाच्या सुरुवातीला डोंगराकडच्या बायका शेवळं विकायला आणत. सासूबाई ती सोलून, बारीक चिरून, खाज जाण्यासाठी काकडं ही आंबट रानफळं घालून अशी करायच्या की मामंजी जेवताना बोलायचे थांबत. त्या भाजीचा वास घरभर झाला की मला घास जात नसे. चव वाईट होती म्हणून नव्हे. ती शेवळं माझ्या माहेरच्या रानातली होती. माझं माहेर मलंगगडाच्या पायथ्याला, वडील गावच्या शाळेवर पंतोजी. ज्या दगडांच्या कपारीत शेवळं उगवतात तिथे माझं लहानपण गेलं, आणि आता ती माझ्या आधी कल्याणला पोचून ताटात पडत होती. हे दुःख की नुसता खुळेपणा, ते मला ठरवता येत नसे. म्हणून मी मुकाट्याने ताक-भात खाऊन उठायची.

माहेरचं दुसरं काय आठवायचं, तर ओढा. डोंगरावरून येणारे ओढे आमच्याकडे पुष्कळ, आणि पाऊस पडून गेला की प्रत्येकावर चतुरांची आणि टाचण्यांची जत्रा. चतुर सगळ्यांना ठाऊक असतो, मोठ्या डोळ्यांचा, बसला तरी पंख पसरून बसणारा. टाचणी त्याहून नाजूक, काडीसारखी, आणि बसली की पंख पाठीवर मिटून घेते. आमच्या गावात तिला टाचणीच म्हणत. का म्हणत ते कुणी विचारलं नव्हतं. कागदाला टोचायची टाचणी मी पाहिलेलीच नव्हती. वडील शाळेचे कागद दोऱ्याने शिवत. मी ओढ्यावर तासन्‌तास बसायची आणि माझी मीच नावं ठेवायची. झाडीच्या गडद सावलीत हिरव्या अंगाची आणि पंखांना काळी टोकं असलेली बसायची, ती काजळी. धारेच्या मधोमध दगडावर बसून पंख उघडले की आत मोराच्या पिसासारखं चमकणारी, ती नवरी. वरच्या धबधब्यापाशी एक इतकी लांब नि बारीक होती की उडताना फक्त शेपटीचं निळं टोक हलताना दिसे. तिला मी काही नावच ठेवलं नाही. खाली शेताच्या बांधावर आलं की यातलं एकही नसे. तिथे हळदीच्या रंगाच्या, नारिंगी, वेगळ्याच. वरच्या खाली येत नसत आणि खालच्या वर जात नसत. कल्याणच्या तळ्यावर पहिल्यांदा धुणं घेऊन गेले तेव्हा माझे डोळे काजळी शोधत होते. ती नव्हती. बांधावरच्या होत्या, लव्हाळ्यांवर झुलत. सासरी त्यांना सुया म्हणत. मी मनातल्या मनात त्यांना टाचण्याच म्हणत राहिले, कुणाला ऐकू जाणार होतं?

आता चतुरांकडे येते. माझे यजमान तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचे, अबोल. मॅट्रिकला गणिताने दगा दिला होता आणि मामंजी त्यांना कुठेतरी चिकटवण्याच्या खटपटीत होते. आमचं एकमेकांशी बोलणं झालेलं नव्हतं. वडीलधाऱ्यांसमोर बोलायचं नाही, आणि वडीलधारे नाहीत अशी वेळ नाही. मी निजतही सासूबाईंच्या शेजारी. तर एक दिवस डोंगरावरच्या साहेबाचा पट्टेवाला ओटीवर पाणी प्यायला थांबला. हा साहेब रेल्वेतून मोकळा होऊन, छातीच्या दुखण्यापायी माझ्या माहेराजवळच्या एका डोंगरावर बंगली बांधून राहिला होता. पट्टेवाला मामंजींना म्हणाला, "साहेबांना चतुर पाहिजेत. कुणी असेल तर धाडा."

'पाहिजेत' हे बहुवचन मामंजींना आदरार्थी वाटलं. साहेबाला एखादे चतुर गृहस्थ पाहिजेत, असा त्यांनी अर्थ लावला, आणि चतुर गृहस्थ घरातच होते. यांना नवा कोट, पागोटं आणि मामंजींच्या हस्ताक्षरातली शिफारस देऊन धर्माच्या गाडीतून डोंगरावर पाठवलं. धर्मा हा आमच्याकडे लाकूडफाटा आणणारा गाडीवान, साहेबाच्या डोंगराखालच्या वाडीतला. यांना तिथे ठेवून घेतल्याचा निरोप त्याच्याबरोबरच आला. मामंजींनी आळीत पेढे वाटले. साहेबाने चतुर माणूस मागितला आणि आमचा पसंत केला, हे त्यांनी इतक्या जणांना सांगितलं की मामंजींना नाना म्हणणारी आळीतली मंडळी यांना 'नानांचे चतुर' म्हणू लागली. आधी कौतुकाने, मग जरा तोंड लपवून.

नागपंचमीला हे घरी आले होते. सासूबाईंनी पातोळे केले होते, हळदीच्या पानांचा वास सुटला होता. मामंजींनी विचारलं, काम काय असतं? "लिहायचं असतं," हे म्हणाले. काय लिहायचं? "जे दिसेल ते." मामंजींना हे उत्तर फार मुत्सद्दी वाटलं. मी दाराआडून बघत होते. हातांवर ओरखडे, कोटाची बाही फाटलेली, आणि अंगाला वास येत होता तो ओल्या दगडांचा, शेवाळाचा, माझ्या ओढ्याचा. हा परका माणूस माझ्या माहेरात राहून येतो आणि मी याच्या घरात भांडी घासते, असं मनात आलं. मला त्यांचा राग आला, आणि लगेच त्यांनी जरा जवळून जावं असंही वाटलं. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा वाटतात ते मला तेव्हा कळलं नाही. आता सत्तरी उलटली, अजूनही कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

त्यानंतर थोड्या दिवसांनी, श्रावण संपता संपता, दुपारची गोष्ट. मामंजी देवळात पुराणाला गेले होते, सासूबाई शेजारी मंगळागौरीला. तापत ठेवलेल्या दुधाशी मी एकटी होते. मागल्या दाराशी धर्मा येऊन उभा राहिला.

"वयनी, दादानी टाचन्या मांगल्यान."

मला आधी वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली. सासरी हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. मी विचारलं, "टाचण्या?"

"हां, टाचन्या. बारीक पायजेत, न्‌ लांब. वाकलेल्या नको. जवऱ्या गावतील तवऱ्या बांधून ठेव, मी परवाला जातंय."

तो गेला आणि दूध उतू गेलं. मला त्याचं काही वाटलं नाही. नवऱ्याने आजवर माझ्याकडे पाण्याचा तांब्यासुद्धा मागितला नव्हता, आणि आता निरोप आला तो थेट माझ्या माहेरच्या शब्दात. त्यांना कसं कळलं असेल की मला टाचण्या ठाऊक आहेत? माझ्या गावात कुणी सांगितलं असेल का? कशाला हव्या असतील, हा प्रश्न मनात आला नाही असं नाही, पण तो मी बाजूला सारला. निरोप मला होता की घरच्यांना, हे धर्माला विचारायचं तर सुचलंच नाही. तो 'वयनी' म्हणाला, एवढं मला पुरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंचा डोळा लागल्यावर मी खिंडारातून तळ्यावर गेले. टाचणी धरायची तर मागून जावं, सावली तिच्या अंगावर पडू देऊ नये, आणि मिटलेले पंख अलगद चिमटीत घ्यावेत. हात विसरला नव्हता. बारीक नि लांब तेवढ्या घेतल्या. वाकलेल्या शेपटीच्या सोडून दिल्या. एक जोडी कमानीसारखी वाकून एकमेकांना धरून बसली होती, तीही सोडली, कारण निरोप स्पष्ट होता. फुलांची जुनी परडी घेतली होती, तिच्यावर ओलं फडकं बांधलं आणि परसात फणसाखाली गारव्याला ठेवली. उद्या धर्मा येईल, त्याच्या हातात देईन. रात्री झोप लागली ती इतकी छान की सासूबाईंना मला हलवून उठवावं लागलं.

माझ्या आधी उठल्यामुळे परडी त्यांना दिसली. पूजेची फुलं शिळी होऊ नयेत म्हणून त्याही असंच ओलं फडकं बांधून ठेवत. सुनेने न सांगता आदल्या दिवशीच फुलं काढून ठेवली म्हणून त्यांना आनंद झाला, आणि माझ्या देखत त्या मामंजींना म्हणाल्या, "पोरगी शिकतेय हो हळूहळू." त्या घरातलं माझं ते पहिलं कौतुक. ते कशाचं आहे ते मला कळेना, पण मी मान खाली घालून ते घेतलं. सासूबाईंनी परडी देवघरात नेऊन ठेवली होती, आणि मी पाणी भरत होते.

मामंजींची पूजा मोठ्याने चाले. "पुष्पं समर्पयामि" असं ऐकू आलं आणि मग एकदम काहीच नाही. मग ताम्हन पडल्याचा आवाज. मी धावत गेले तर मामंजी सोवळ्यात, हात वर धरून, पाटावर अर्धे उठलेले. फडकं सुटलं होतं. बऱ्याच टाचण्या रात्रीत मेल्या होत्या, पण जिवंत होत्या त्या देवघरभर उडत होत्या. एक गणपतीच्या सोंडेवर बसली होती, पंख मिटून, अगदी शहाण्यासारखी. दोन-तीन बाळकृष्णाच्या पाळण्याभोवती. आणि एक निरांजनात गेली, तिचा वास आला. सासूबाईंनी "अगं बाई!" म्हणून पदर तोंडाला लावला.

"हे काय आहे?" मामंजींनी मला सरळ विचारलं. सुनेशी ते कधी सरळ बोलत नसत.

मी सासूबाईंकडे बघून सांगितलं, "इकडून मागवल्यात. टाचण्या."

मामंजी पुरते उठले. मग तसेच सोवळ्याने ओटीवर गेले, दौतीच्या पेटीतून काहीतरी काढून आणलं आणि माझ्यापुढे धरलं. लोखंडाची बारीक सळई, एका टोकाला बोंड. "टाचणी ही," ते म्हणाले. "कागदाला लावतात. आणि या देवघरात फिरताहेत त्या सुया. कोणत्या मागवल्या होत्या?"

मी त्या वस्तूकडे बघतच राहिले. टाचणी हे नाव दुसऱ्या कशाचं असू शकतं, हेच मला नवीन होतं. मी म्हटलं, "याच," आणि गणपतीच्या सोंडेकडे बोट केलं. पण आवाज माझा मलाच खरा वाटेना.

सासूबाईंचा निकाल तिथेच लागला. पोर अर्धवट आहे, पंतोजींनी फसवून गळ्यात बांधली, तिच्या बापाला निरोप धाडा आणि घेऊन जा म्हणावं. मामंजींनी मात्र कचेरीची सवय सोडली नाही. धर्मा आला तेव्हा त्याला ओटीवर उभं करून त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "टाचन्या म्हनाले, मी टाचन्या सांगलं. मना काय ठावं?" साहेबाकडे आमचा मुलगा नेमकं काय करतो, असं विचारल्यावर तो बैलाच्या शिंगाकडे बघू लागला. तेव्हा मामंजींच्या मनात पहिल्यांदा किडा वळवळला. साहेबाला चतुर पाहिजेत, या वाक्याकडे त्यांनी दुसऱ्या बाजूने बघितलं असावं.

जेवताना ते सासूबाईंना म्हणाले, म्हणजे मला ऐकू येईल असं म्हणाले, "एक तर सून वेडी आहे, नाही तर मुलगा किडे धरत बसलाय. त्याने कागदाच्या टाचण्या मागितल्या असतील तर हिला माहेरी पोचवू, आणि तो गेला तसा कामावर जाईल. हे किडे मागितले असतील तर त्याचा डोंगर बंद. तो येऊन सांगेल. तोवर कुणी तोंड उघडायचं नाही."

ते दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. मला माहेरी जायचं होतं. नांदायला आल्यापासून रोज जायचं होतं. आता नुसतं गप्प बसलं तरी बैलगाडी दाराशी येणार होती, ओढा होता, काजळी होती, आई होती. पण वेडी म्हणून गेलेली मुलगी परत कुणी आणत नाही, आणि तिच्यामागे धाकट्या बहिणींना कुणी करत नाही, एवढं मलाही कळत होतं. आणि या सगळ्याखाली मला एकच लागून राहिलं होतं, यांनी मागितलं तेच मी धरलं की नाही? तांदूळ निवडताना मी निरोपाचे शब्द पुन्हा पुन्हा म्हणून बघायची. बारीक, लांब, वाकलेल्या नकोत. मामंजींच्या पेटीतल्या टाचणीलाही ते लागू पडत होते. माझ्या टाचण्यांनाही पडत होते. शब्द एकीकडे झुकायलाच तयार नव्हते.

हे आले ते पावसात भिजून, गुडघ्यापर्यंत चिखल. पाय धुवून ओटीवर बसतात तोच मामंजींनी परडी पुढे ठेवली. तळाशी मेलेल्या टाचण्या होत्या, सासूबाईंनी शिवायला नकार दिला म्हणून तशाच राहिलेल्या. मी माजघराच्या दाराआड उभी. मामंजींनी सगळं सांगितलं, देवपूजेसकट, आणि दोन्ही वाटा स्पष्ट करून दाखवल्या. सून वेडी, तर उद्या तू कामावर. मुलगा किडे मारतो, तर उद्यापासून नाही. "आता बोल. काय मागवलं होतंस?"

यांनी परडी मांडीवर घेतली. एकेक टाचणी उचलून तळहातावर ठेवली, रंगाप्रमाणे वेगळी केली, जशी आपण मुगातून मठ वेगळी करतो. इतका वेळ की मामंजी चिडले. मग हे एकदा माजघराच्या दाराकडे बघून म्हणाले, "ह्याच मागवल्या होत्या, नाना."

"ह्या?"

"ह्याच. तिने बरोबर केलं."

"म्हणजे साहेबाने तुला चतुर म्हणून ठेवलेला नाही," मामंजी सावकाश म्हणाले. "चतुर धरायला ठेवलाय."

"हो."

आणि मग तो अबोल माणूस बोलायला लागला. मी त्यांना इतकं बोलताना तोवर ऐकलं नव्हतं, आणि पुढेही क्वचितच ऐकलं. "नाना, एकेका ओढ्याला वेगळे आहेत हो. सावलीतला उन्हात येत नाही, उन्हातला सावलीत जात नाही. धबधब्याच्या तुषारात बसतो तो खाली शंभर पावलांवर सापडत नाही. ह्या तळ्यातल्या आहेत ना, ह्यातली एकसुद्धा वर नाही. साहेब म्हणतो, ह्या डोंगरातले अर्धे कुठल्या पुस्तकात नाहीत. कुणी बघितलेलेच नाहीत!"

 मी बघितले होते, असं दाराआडून मोठ्याने म्हणावंसं वाटलं.

मामंजी म्हणाले, "पुस्तकात नाहीत, मग मारायचे कशाला?"

 हे काहीतरी सांगू लागले, मारल्याशिवाय ओळखता येत नाही असं काही, आणि मध्येच थांबले.  मामंजी मला तेव्हा दुष्ट वाटले, पण प्रश्न काही दुष्ट नव्हता. पुढे कितीदा तरी मी तो स्वतःला विचारला आहे, आणि दर वेळी वेगळ्या बाजूची झाले आहे.

आळीत पेढे वाटलेले मामंजींना जास्त झोंबले की निरांजनात जळलेला जीव, हे देव जाणे. प्रायश्चित्त झालं, पंचगव्य झालं. यांना ठाण्याच्या कचेरीत उमेदवारीला लावून दिलं. तिथे ते एका नातलगाकडे राहत आणि शनिवारी घरी येत. मी वेडी ठरले नाही. सासूबाईंनी माझ्या बापाचा उद्धार थांबवला. मला तर मनातून गर्वच झाला होता, की मागितलं तेच धरलं आणि चारचौघांत "तिने बरोबर केलं" असं ऐकून घेतलं. मग हे शनिवारी येऊन ओटीवर नुसते पावसाकडे बघत का बसतात, ते मला कळत नसे. मला वाटायचं, ह्यांनी नुसतं 'कागदाच्या' म्हटलं असतं तर अजून डोंगरावर असते. पण खरं ते बोलले, खऱ्याला काही इलाज नसतो. असं मी स्वतःला समजावत होते.

आश्विनात ऊन पडल्यावर धर्माने यांची ट्रंक डोंगरावरून आणली. सासूबाई तिला शिवेनात, म्हणून मी ती परसात नेऊन उघडली. वर कपडे, बुरशीचे. ते काढून दगडावर टाकले. तळाशी भेंडाची, म्हणजे मऊ, हलक्या लाकडाची एक पाटी, फडक्यात गुंडाळलेली. फडकं सोडलं तर आत माझा ओढा होता. काजळी होती, नवरी होती, आणि ती बिननावाची लांब, निळ्या टोकाची. सगळ्या वाळून रंग उतरलेल्या, रांगेने लावलेल्या. वरच्या दोन ओळी मामंजींच्या पेटीत होत्या तशा टाचण्यांनी टोचलेल्या, नीटस. त्याखालच्या ओळींना मात्र करवंदीचे काटे. काटा जाड, अंग नाजूक. कुणाची पाठ फाटली होती, कुणाचा पंख निखळला होता. त्या निळ्या टोकाचीचे तर दोन तुकडे झाले होते आणि ते कुणीतरी जपून एकापुढे एक जुळवून ठेवले होते.

मी ती पाटी मांडीवर घेऊन बसले. दुसऱ्या ओळीवरून तिसऱ्या ओळीवर बोट नेलं आणि पुन्हा मागे आणलं. मला सगळं कळलं.

तो शनिवार होता. मामंजी देवळात, सासूबाई भाजीला. हे परसात पाय धुवायला आले आणि मांडीवरची पाटी बघून तिथेच उभे राहिले. आमचं बोलणं अजून झालेलं नव्हतं. मी मान खालीच ठेवून विचारलं, "काटे कशाला लावलेत?"

"टाचण्या संपल्या होत्या," हे सहज म्हणून गेले.

त्यांना चूक उमगली असावी. तांब्यातलं पाणी पायांवर न पडता भलतीकडेच पडत राहिलं.

"म्हणजे, दोन्ही," ते घाईने म्हणाले. "ह्यापण, त्यापण. दोन्ही संपल्या होत्या."

मी तेव्हा पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. कान लालबुंद झाले होते. त्या घटकेला मला माझा नवरा आवडला.